बाजाराच्या दिवशीची गोळी

सोलापुरात मे महिन्यात एसी बंद ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि आमच्या दुर्दैवानं तोच आमचा गुरू होता. ट्रस्टच्या त्या रुग्णालयानं ओपीडीच्या खोलीत मोठ्या हौसेनं एसी बसवला होता. सरांनी त्याचा रिमोट आपल्या खणात टाकून खणाला कुलूप लावलं. एसीनं डॉक्टरचे हात गार पडतात आणि सुजलेल्या सांध्याला गार हात लावणं हा त्यांच्या मते जवळजवळ गुन्हा होता. डोक्यावर पंखा फिरायचा, तो इकडची गरम हवा तिकडं करायचा, आणि आम्ही दोघं फेलो घामानं निथळत पेशंटची बोटं तपासत असायचो. पेशंट खूश असायचे. डॉक्टर आपल्यासाठी किती कष्ट घेतायत, असं त्यांना वाटायचं.

एमडी झाल्यावर संधिवाताची फेलोशिप करायला मी नाशिकहून सोलापूरला निघालो तेव्हा मित्रांनी मला वेड्यात काढलं होतं. ते सगळे हृदयाच्या आणि पोटाच्या मागं लागून मोठ्या शहरांत गेले होते. आई सगळ्या नातेवाइकांना सांगायची, "हाडांचा डॉक्टर होतोय." हाडांचा नाही, सांध्यांचा, आणि तेही ऑपरेशन न करता, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं त्या आजारांचा, असं मी तिला अनेकदा समजावलं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "म्हणजे हाडांचाच ना."

मुलाखतीला सरांनी माझी प्रमाणपत्रं उघडूनही पाहिली नाहीत. हस्तांदोलनाला पुढं केलेला माझा हात त्यांनी धरला तो सोडेचनात. उलटा केला, सुलटा केला, बोटांची पेरं दाबली, नखं बघितली. "नखं कापा. हात चांगलाय. घाई करतो, पण चांगलाय," असं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. हाताला घाई असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

सर अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, विणकरांच्या घरातली म्हातारी आली की तोडकी तेलुगू, आणि रिक्षावाल्यांशी दखनीत भांडण. उंच, टक्कल पडलेले, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पांढरा कोट त्यांनी कधी घातला नाही, कारण बाह्या पेशंटच्या हाताला घासतात. आमच्यावर खूश असले की "काय पाव्हणं" म्हणायचे आणि चिडले की "ओ डॉक्टर". त्यामुळं सबंध रुग्णालयात डॉक्टर ही हाक ऐकून दचकणारे आम्ही दोघंच होतो.

दुसरी फेलो केरळची होती. हुशार, बारीक चणीची, आणि येताना मराठीचं पुस्तक पाठ करून आलेली. ओपीडीत पहिल्याच आठवड्यात ते पुस्तक निकामी झालं आणि तिनं पेशंटकडूनच भाषा उचलली. मग ती अगदी गंभीर चेहऱ्यानं सरांना सांगायची, "सर, मनगटात लई सूज हाय." सर तिला कधी दुरुस्त करायचे नाहीत. "बरोबर हाय की," म्हणायचे आणि मनगट बघायला उठायचे.

त्या पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हा दोघांची बोटं बांधली. आईस्क्रीमच्या काड्या आणि चिकटपट्टी घेऊन त्यांनी एकेक बोट ताठ करून टाकलं आणि म्हणाले, "आता दुपारपर्यंत असंच काम करा." मला पेन धरता येईना. शर्टाचं सुटलेलं बटण लावता येईना. जेवायला बसलो तर डब्याचं झाकण उघडेना, आणि उघडलं तेव्हा आत कडक भाकरी निघाली. ती मोडताना माझी जी तारांबळ उडाली ती बाकावर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. त्यातली एक माझ्याजवळ आली आणि तिनं आपल्या वाकड्या बोटांनी माझी भाकरी मोडून दिली. सर लांबून बघत होते. नंतर त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि ते बरंच केलं, कारण मला रडू येत होतं.

रिपोर्ट आधी बघायला बंदी होती. पेशंटनं आणलेले सगळे कागद टेबलावर पालथे ठेवायचे आणि आधी हात लावायचा. सांधा दाबताना सांध्याकडं बघायचं नाही, पेशंटच्या तोंडाकडं बघायचं. सुजलेला सांधा ज्याच्या हातून सुटेल त्याला दिवसभर त्या सांध्याचं नाव. मी कितीतरी दिवस घोटा होतो. केरळची फेलो एकदा जबडा झाली, तेव्हा तिनं घरी फोन करून आईला काय सांगितलं ते तिचं तिला माहीत. "ए घोटा, चहा सांग," अशी हाक व्हरांड्यात घुमायची आणि नवीन पेशंट माझ्याकडं कीव आल्यासारखे बघायचे.

हे सगळं झालं, पण सरांचा खरा जीव एका गोष्टीवर होता, ती म्हणजे बाजार.

आमच्या आजारातलं एक मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. एकदा घेतलं तर वाकडी होऊ लागलेली बोटं वाचतात. तेच रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावतोसुद्धा. पेशंटला बजावून सांगायचं, गुरुवारी घ्या. पण शेतात राबणाऱ्या बाईला गुरुवार आणि शुक्रवार सारखेच. सरांनी त्यावर तोड काढली होती. ज्या गावचा पेशंट, त्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी, त्या दिवशी गोळी. शहरातल्या विणकरांना कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. "माणूस वार विसरंल, बाजार विसरत नाही," असं ते सांगायचे. जिल्ह्यातल्या कुठल्या गावी कुठल्या वारी बाजार भरतो हे आम्हाला तोंडपाठ असावं लागे. चालता चालता ते मध्येच थांबून विचारायचे, "करमाळा?" आणि नाशिकचा मी अडखळलो की केरळची ती मागून वार सांगून मोकळी व्हायची. मोठमोठ्या परिषदांत त्यांनी ही युक्ती सांगितली होती. बाहेरगावचा कुणी डॉक्टर पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ती ऐकावी लागे. खरोखरच आमच्याकडं गोळी चुकवणारे पेशंट फार कमी होते, आणि त्याचा सरांना अभिमान होता.

सर मागच्या वर्षी गेले. फोन आला तेव्हा मी माझ्या ओपीडीत होतो आणि एका आजींचा हात माझ्या हातात होता. मी तो तसाच धरून बसलो. आजी म्हणाल्या, "काय झालं, जास्त आहे का?" मी म्हटलं, "नाही, तुमचं ठीक आहे." मला सरांची फार आठवण येते. त्यातही त्यांच्या शिकवण्यापेक्षा त्यांच्या एका चुकीची आठवण जास्त येते, आणि ती त्यांनी स्वतः इतक्या वेळा सगळ्यांना सांगितली की मी इथं लिहिलेली त्यांना चालली असती.

मंद्रूपची एक बांगडीवाली आमच्याकडं आली होती. पन्नाशीची, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू, बरोबर बांगड्यांची पेटी. ती पेटी ती कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली. "सकाळच्या पारी मूठच वळत न्हाय ओ साहेब," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाचा हात दाबून बांगडी चढवावी लागती. दाबायला गेलं की माजाच जीव जातुया."

सर तर खुलले. बांगडी भरताना समोरच्याचा पंजा जसा आवळतात, तसाच आवळून आम्ही या आजाराची पहिली तपासणी करतो. "अक्का, तुमचं आमचं काम एकच की," म्हणून त्यांनी केरळच्या फेलोला पुढं केलं आणि तिच्या हातात बांगडी भरून दाखवायला सांगितलं. अक्कानं हिरव्या बांगड्या काढल्या. फेलोचा हात सहज आवळला जात होता, पण प्रत्येक बांगडीला अक्काचं तोंड वाकडं होत होतं. सरांनी आम्हाला खुणेनंच ते दाखवलं. औषध ठरलं. सरांनी विचारलं, "गाव कुठलं म्हणालात?"

"मंद्रूप."

"मग सोपं आहे. ही गोळी बाजाराच्या दिवशी घ्यायची. फक्त बाजाराच्या दिवशी. बाजार नसेल त्या दिवशी हात लावायचा नाही."

"बरं की," अक्का म्हणाली आणि पेटी उचलून गेली.

पुढच्या भेटीच्या आधीच तिचा मुलगा तिला उचलून घेऊन आला. तो होटगीला रेल्वेच्या ठेकेदाराकडं कामाला होता आणि कामाच्या कपड्यांतच आला होता. अक्काचं तोंड आतून पूर्ण सोललं होतं, पाण्याचा घोट जात नव्हता, अंगात ताप होता. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या. सर पलंगाशी वाकले आणि हळू विचारलं, "अक्का, गोळी कधी घेत होता?"

"बाजारादिवशी," ती कशीबशी म्हणाली.

"कुठल्या बाजारादिवशी?"

"समद्या. माजा रोज बाजार असतुया की. आज मंद्रूप, उद्या दुसरं गाव. तुमी सांगितल्यावानीच घेतली."

औषधाच्या दुकानदारानं गोळ्यांची पट्टी तोडून न देता अख्खी दिली होती आणि ती संपेपर्यंत अक्कानं रोज एक गोळी घेतली होती. बांगडीवालीचं पोट फिरत्या बाजारांवर असतं, हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. तिची पेटी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी गाव विचारलं, बाजार विचारला नाही. मी सरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता आणि हात पाठीमागं एकमेकांत गुंतले होते.

उताऱ्याचं इंजेक्शन सुरू झालं. अक्काला वेगळ्या खोलीत ठेवलं, कारण साध्या जंतूनंही तिचा घात झाला असता. ती जगेल का, हे आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं. पेशंटचा हात धरल्याशिवाय ज्यांना बोलता येत नसे ते सर तोंडाला मास्क लावून दाराशी उभे राहायचे, तिथूनच तिला कन्नडमिश्रित मराठीत काहीबाही सांगत बसायचे. ट्रस्टच्या व्यवस्थापकांनी त्यांना बाजूला घेऊन सुचवलं, की पेशंटनं सूचना नीट पाळल्या नाहीत असं आपण म्हणू या. सर म्हणाले, "तिनं अक्षर न अक्षर पाळलं. म्हणून तर ती इथं आहे." मग ते व्हरांड्यात बसलेल्या मुलाकडं गेले. मुलगा चिडलेला होता. "त्या गोळीनंच झालं ह्ये," तो म्हणाला. सर त्याच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. ती कशी घ्यायची ते मी चुकीचं सांगितलं. तुझ्या आईची काही चूक नाही. मी चुकलो."

अक्का वाचली. पेशी हळूहळू चढल्या, तोंड भरून आलं, आणि एक दिवस तिनं भाकरी मागितली. केरळची फेलो त्या दिवशी जिन्यात बसून रडली.

सरांनी बाजाराचा नियम त्याच आठवड्यात मोडला. त्यानंतर आमच्याकडं वाराचं नाव सांगायचं, आणि मग पेशंटलाच विचारायचं, "आता घरी जाऊन तुम्ही काय करणार ते मला सांगा." त्यानं सांगितलं की मगच उठू द्यायचं. मी आजही तसंच करतो. पुढच्या परिषदेत सरांनी बाजाराची गोष्ट पुन्हा सांगितली, शेवटासकट.

पण अक्काच्या हातांचं काय? सरांनी तिला दुसरी, सौम्य औषधं दिली. त्या औषधांनी काही भागेना. बोटं पुन्हा फुगली. काही महिन्यांनी ती पेटीशिवाय आली. बांगड्या भरणं बंद झालं होतं आणि सुनेला ते काम जमत नव्हतं. समोर बसून ती म्हणाली, "साहेब, ती पयली गोळीच द्या. ती घेत हुते तवा हात हलकं झालतं."

"नाही," सर म्हणाले.

"का ओ?"

"मला धीर होत नाही अक्का."

"मला होतुया की," अक्का म्हणाली.

मुलगा मध्ये पडला. "आई, पुन्ना तीच? मरता मरता वाचलीस."

अक्कानं त्याला गप्प केलं. "ह्या मानसानं तुज्याम्होरं चुकलो म्हनलं. आजपातूर कुटला डाक्टर म्हनला का तुला? मी ह्यांच्याच हातची घेनार."

सरांनी तिची सुजलेली बोटं एकेक करून दाबून बघितली. मग म्हणाले, "माझ्याच हातची घ्यायची. गोळी तुमच्याजवळ ठेवायची नाही. मंद्रूपच्या बाजाराला मी घेऊन येईन." आम्हाला वाटलं, भावनेच्या भरात बोलले. पण पुढच्या बाजाराला सर एसटी स्टँडवर हजर होते, शर्टाच्या खिशात एकच गोळी आणि बरोबर मी.

तेव्हापासून दर आठवड्याला ही वारी न चुकता चालली. एका आठवड्याला मी, एका आठवड्याला केरळची. अक्काच्या दुकानापाशी सर एका पालथ्या क्रेटवर बसायचे, तिचे हात तपासायचे, गोळी द्यायचे आणि ती गिळेपर्यंत तिच्याकडं बघत राहायचे. ठरावीक आठवड्यांनी आम्ही तिथंच रक्त घ्यायचो. मग सर गरम भजी खायचे. बांगड्या भरायला आलेल्या बायका विचारायच्या, हे कोण? "माजा डाक्टर हाय," अक्का ठसक्यात सांगायची, आणि त्या बायकाही आपले गुडघे दाखवायला लागायच्या. सर सगळ्यांना ओपीडीला बोलवायचे. अक्काचे हात उतरले. ती पुन्हा रोजचे बाजार करू लागली.

एकदा ती म्हणाली, "साहेब, आता येत जाऊ नगा. मला कळतंय की वार. उनातानाचं कशाला?"

"तुम्हाला कळतंय हे मला माहीत आहे," सर म्हणाले. "मी तुमच्यासाठी येत नाही अक्का. तुम्ही गिळलेली बघितली नाही तर मला झोप लागत नाही." सरांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, हेच मला एकदा सांगितलं होतं. अक्का आजारी पडल्यापासून सरांची झोप गेलीय, फक्त मंद्रूपहून आले की त्या दिवशी शांत निजतात. अक्कानं सरांचं बोलणं ऐकलं आणि समोरच्या मुलीच्या हातात बांगडी चढवत म्हणाली, "मग येत जावा."

आमची फेलोशिप संपत आली होती तेव्हाची गोष्ट. सरांना सडकून ताप आला. बाजाराच्या दिवशी मी एकटाच गोळी घेऊन गेलो. अक्कानं माझ्या मागं कुणी येतंय का बघितलं. "साहेब कुटं हायत?"

मी ताप आल्याचं सांगितलं आणि गोळी पुढं केली. तिनं ती घेतली, तळहातावर धरून बघत राहिली. मी पाण्याची बाटली उघडून दिली. तिनं ती घेतली नाही.

"मी हितं गिळली तर त्येस्नी कसं कळनार?"

"मी सांगेन की त्यांना."

"सांगून झोप लागतीया व्हय?" असं म्हणून तिनं गोळी पदराच्या गाठीत बांधली आणि बांगड्या पेटीत भरायला लागली. बाजार नुकता कुठं भरला होता. समोर बायका उभ्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, दुकान?" ती म्हणाली, "बांगड्या काय पळून जात्यात?" पेटी शेजारच्या मिरचीवालीच्या ताब्यात देऊन ती माझ्या पुढं चालायला लागली. हीच पेटी तिनं दवाखान्यातसुद्धा कुणाला धरू दिली नव्हती.

आम्ही एसटीनं सोलापूरला आलो. काकूंनी दार उघडलं आणि अक्काला बघून त्या बाजूला झाल्या. सर आतल्या खोलीत अंगावर चादर ओढून पडले होते. डोळे उघडेच होते. आम्हाला बघून उठायला लागले. "अक्का, बाजार सोडून आलात? असं करायचं नसतं."

"पडून ऱ्हावा," अक्का म्हणाली. काकूंकडून तिनं तांब्या घेतला. पदराची गाठ सोडली, गोळी सरांना दिसेल अशी बोटांत धरली आणि तोंडात टाकली. पाणी प्याली. मग पलंगाशी वाकून तिनं त्यांना तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करून, दोन्ही बाजूंनी.

"बगा. गेली. आता डोळं मिटा."

सरांनी तिच्याकडं बघितलं. कुशीवर वळले.

आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. काकूंनी चहा टाकला. तो उकळून कपात येईपर्यंत आतून घोरण्याचा आवाज यायला लागला होता. काकू कप हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. अक्कानं चहा बशीत ओतून आवाज न करता संपवला, चपला हातात घेतल्या आणि मला म्हणाली, "चला. दार हळू लावा."